भूगोलाची पोरं गाव मोजून जातात. मोजलेलं गावात परत येतं का?

नेरळ : भातकापणी उरकली, थंडी पडली की नेरळ-कर्जत पट्ट्यात दोन प्रकारच्या बस दिसायला लागतात. एक सहलीची, दुसरी कॉलेजची. सहलीची बस फार्महाऊसकडे वळते. कॉलेजची बस ग्रामपंचायतीसमोर नाहीतर मारुतीच्या देवळासमोर थांबते. टोप्या घातलेली पोरं-पोरी उतरतात, हातात छापील फॉर्म असतात, सोबत एक सर नाहीतर मॅडम असतात. दोन-दोनच्या जोड्या गावात पांगतात. घरात माणसं किती, जमीन किती, भात किती पोती झालं, पाणी कुठून आणता, संडास आहे का, गॅस आहे का, असे तीस-चाळीस प्रश्न विचारून होतात. चहा होतो, फोटो होतात, दुपारी बस निघून जाते.

ही बहुतेक भूगोलाची पोरं असतात. त्यांचा अहवाल तयार होतो, बाइंडिंग होतं, तोंडी परीक्षा होते, मार्क मिळतात. पण त्या कागदात गावाबद्दल काय लिहिलं, हे विचारलं तर सरपंचापासून आशाताईपर्यंत कोणाला सांगता येत नाही. अहवाल कॉलेजच्या कपाटात आणि गाव आपल्या जागी, असं वर्षानुवर्षं चाललंय.

हा विषय आता काढायचं कारण म्हणजे अशा बस यापुढे वाढणार आहेत. पोरांना गावात पाठवणं आता शिक्षकांच्या हौसेवर राहिलेलं नाही, ते अभ्यासक्रमातच आलंय. येणारं काम नुसती मार्कांची भर ठरणार की त्यातून गावालाही काही मिळणार, हे ठरवायची वेळ आता आहे. रायगडच्या डोंगरपट्ट्यात हा प्रश्न हौसेचा नाही, इथे तो जिवाशी येतो.

नियम काय बदललाय?

नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण केंद्र सरकारने २९ जुलै २०२० रोजी मंजूर केलं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्यानुसार पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा आराखडा ठरवला आणि विद्यापीठांनी तो टप्प्याटप्प्याने लागू केला. त्यात एमए, एमएस्सी करणाऱ्या पोरांना पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचा ४ क्रेडिटचा विषय आहे. दुसऱ्या सत्रात ४ क्रेडिट प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण किंवा फील्ड प्रोजेक्टला आहेत. तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पाला ४ आणि चौथ्या सत्रात ६ क्रेडिट आहेत. दोन वर्षांची एकूण ८८ क्रेडिट धरली, तर त्यातली १८ संशोधन शिकण्यात आणि करण्यात जातात.

क्रेडिट म्हणजे किती काम? प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तास. म्हणजे ४ क्रेडिटच्या प्रशिक्षणाला १२० तास झाले. रोज ६ तास धरले तर २० दिवस भरतात. एका दुपारच्या बसफेरीत हे होत नाही. पदवीच्या पोरांनाही आता फील्ड प्रोजेक्ट आणि समाजात जाऊन करायचं काम आहे. चौथं वर्ष संशोधनासह करणाऱ्यांना प्रकल्प वेगळा.

कागदावर ही सोय चांगली आहे. इतिहासाच्या पोराला दप्तरखान्यात बसता येईल, अर्थशास्त्राच्या पोराला बँकेत. भूगोलाच्या पोराला मात्र डोंगर, ओढा, शेत आणि वाडी यांच्याशिवाय प्रयोगशाळा नाही. मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या कॉलेजांना लोकलने जाता येईल अशी सगळ्यात जवळची डोंगराची प्रयोगशाळा म्हणजे नेरळ, कर्जत आणि खालापूर.

कर्जत ३ चं बियाणं आणि कपाटातला अहवाल

संशोधन गावात परत येतं म्हणजे काय, हे कर्जत तालुक्याला शिकवायला नको. कर्जतचं भात संशोधन केंद्र १९१९ सालचं. आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. तिथे प्लॉट पाडले जातात, मोजमाप होतं, नोंदी ठेवल्या जातात. हे सगळं किचकट काम शेतकऱ्याला दिसत नाही. पण त्यातून निघालेलं कर्जत ३, कर्जत ७ अशा नावांचं बियाणं शेतकऱ्याच्या घरात येतं. ते पेरल्यावर जमलं की नाही, हे त्याला त्याच हंगामात कळतं. म्हणजे संशोधन खरं का खोटं, याची परीक्षा गावातच होते.

दुसरं उदाहरण नेरळजवळच्या सगुणा बागेचं. चंद्रशेखर भडसावळे यांनी नांगरणी-चिखलणी टाळून, एकदा गादीवाफे करून त्यावर भात घ्यायची एसआरटी पद्धत इथे उभी केली. कोणाला ती पटली, कोणाला नाही पटली. पण ती पद्धत बघायला शेतकरी बांधावर जाऊन उभा राहू शकतो आणि तोंडावर प्रश्न विचारू शकतो.

भूगोलाच्या अहवालाचं असं काही होत नाही. तो चुकला तर चुकला हे सांगणारं कोणी नसतं, कारण ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांनी तो वाचलेलाच नसतो. शिकणाऱ्या पोराचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. चूक दाखवणारा माणूस भेटला नाही तर संशोधन शिकता येत नाही.

फॉर्म भरला म्हणजे संशोधन झालं?

गावातली प्रश्नोत्तरं बहुतेक अशी होतात.

"काका, तुमचं वार्षिक उत्पन्न किती?"

"आता काय सांगू बाळा? लिही पन्नास हजार."

"आणि भात किती झालं?"

"झालं असंल वीस-बावीस पोती."

पोरगी लिहून घेते आणि पुढच्या घरी जाते. काकांनी फसवलेलं नसतं, पोरीनेही काम टाळलेलं नसतं. तरी आकडा कच्चाच असतो. पोतं कोणाचं मोठं, कोणाचं लहान. म्हातारी माणसं अजून खंडी-मणात बोलतात. सातबाऱ्यावर जमीन हेक्टर-आरमध्ये असते आणि माणूस सांगतो एकर-गुंठ्यात. उत्पन्न विचारलं की दाखला, रेशनकार्ड, योजना हे सगळं डोळ्यासमोर येतं आणि आकडा खाली येतो. ज्याला पद्धत शिकवलेली आहे तो पोरगा "उत्पन्न किती" असं विचारणार नाही. तो विचारेल, "औंदा गिरणीवर किती भात नेलं? विकलं किती? घरात किती ठेवलं?" आणि एक पोतं काट्यावर ठेवून बघेल.

या पट्ट्यात मोजणीच्या आणखी तीन चुका नेहमी होतात. त्या तिन्ही गावकऱ्यांना चटकन दिसतात, बाहेरून आलेल्याला दिसत नाहीत.

पहिली चूक हंगामाची. कॉलेजच्या सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात. नेमक्या त्या वेळी कातकरी वाड्या अर्ध्या रिकाम्या असतात. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. पोरं वाडीत जातात, दाराला कडी बघतात, फॉर्मवर "घर बंद" लिहितात आणि पुढच्या घरी जातात. म्हणजे वाडीतली सगळ्यात गरीब घरंच मोजणीतून बाहेर पडतात. मग टक्केवारी काढली की वाडी आहे त्यापेक्षा बरी दिसते. शाळेतली हजेरी बरी दिसते, जमीन असलेली घरं जास्त दिसतात. कोणी खोटं लिहिलेलं नसतं, पण निघालेला निष्कर्ष चुकीचा असतो.

दुसरी चूक रस्त्याची. बस जिथवर जाते तिथवरची घरं मोजली जातात. डांबरी रस्त्यापासून तासाभराच्या चढणीवरची ठाकूरवाडी नमुन्यात येतच नाही. दिवस मावळायच्या आत पोरांना नेरळ किंवा कर्जत स्टेशन गाठायचं असतं, त्यामुळे शिक्षकांचीही अडचण असते.

तिसरी चूक नावाची. उपग्रहाच्या चित्रावर उताराची वरकस जमीन उन्हाळ्यात पिवळी-तपकिरी दिसते. संगणकावर बसलेला पोरगा तिला "पडीक" असा रंग देतो. पण त्याच वरकसात नाचणी-वरी होते, गवत निघतं, राबासाठी पालापाचोळा येतो, गुरं चरतात. आदिवासींच्या दळी जमिनींचंही तेच. नकाशावर एकदा पडीक लिहिलं गेलं की तिथे कसणारा माणूस कागदावरून पुसला जातो. ज्या तालुक्यात गुंठा-गुंठा जमीन प्लॉटिंगवाल्यांच्या डोळ्यावर आहे, तिथे "पडीक" हा शब्द साधा नाही.

या तिन्ही चुका सुधारायला महागडं यंत्र लागत नाही. मे महिन्यात एकदा परत यावं लागतं, वाडीपर्यंत चालावं लागतं आणि रंग देण्याआधी बांधावर उभं राहून विचारावं लागतं. भूगोलातलं प्रात्यक्षिक प्रशिक्षण म्हणतात ते हेच.

इर्शाळवाडी यादीत नव्हती

हे सगळं मार्कांपुरतं असतं तर एवढं लिहायची गरज नव्हती. पण १९ जुलै २०२३ ची रात्र खालापूर तालुका विसरलेला नाही. इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकर समाजाची इर्शाळवाडी रात्री झोपेच्या वेळी दरडीखाली गेली. वर जायला रस्ता नव्हता, यंत्रं चढू शकली नाहीत, हातांनी माती उपसावी लागली. २३ जुलैला शोधकार्य थांबवलं तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. त्याआधीच्या तीन दिवसांत त्या भागात ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचं सरकारने सांगितलं. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडी नव्हती, हेही सरकारनेच सांगितलं.

यादीतून वाडी सुटते कशी? याचं उत्तर थोडं नकाशाच्या मापात आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नेहमीच्या नकाशाचं प्रमाण एकास पन्नास हजार असतं. म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचं अर्धा किलोमीटर. १०० मीटर लांबीची वाडी त्या कागदावर २ मिलिमीटरची होते, म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षाही छोटी. उंचीच्या रेषा २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. घरामागे ५ मीटरचा कडा तुटलेला असेल, उतारावर वीतभर भेग पडली असेल, तर ती या नकाशावर येऊच शकत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशातल्या डोंगराळ भागाचे दरडप्रवण नकाशे याच प्रमाणावर तयार केले आहेत. कुठला डोंगर धोक्याचा आहे हे त्यातून कळतं. त्या डोंगरावरची कुठली वाडी, वाडीतली कुठली घरं, हे जवळ जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही.

नेरळकरांना आणखी एक गंमत माहीत नसेल. १९ अंश उत्तर अक्षांशाची रेघ नेरळ आणि माथेरान यांच्या मधून जाते. सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकांनुसार नेरळ ४७ ई/८ या शिटावर येतं, तर माथेरान आणि कर्जत ४७ एफ/५ वर. म्हणजे माथेरानच्या डोंगरावरून नेरळकडे येणारं पाणी अर्ध्या वाटेत एका नकाशावरून दुसऱ्यावर जातं. नेरळचा एक नकाशा घेऊन बसलेल्या पोराला पाणी येतं तो डोंगर त्यात सापडणारच नाही. दोन शिटं जोडायला शिकणं हा भूगोलाचा पहिला धडा. गावाच्या हद्दीवर डोंगर संपत नाही, हे त्याच धड्यात कळतं.

आता महिने बघा. महाड तालुक्यातल्या जुई, दासगावच्या दरडी जुलै २००५ च्या. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ रोजी गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. महाडचं तळीये २२ जुलै २०२१ ला. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. चारही घटना जुलैतल्या. आणि डोंगर शिकायला येणारी पोरं येतात डिसेंबरात, जेव्हा झरे आटलेले असतात, भेगा गवताखाली असतात आणि डोंगर अगदी शांत दिसतो.

भर पावसात पोरांना उतारावर पाठवावं, असा याचा अर्थ नाही. ते करूच नये. पण मे महिन्यात उताराचा कच्चा नकाशा करता येतो आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात त्याच जागी जाऊन काय बदललं ते टिपता येतं. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकून मधलं अंतर टेपने मोजून ठेवायचं, इतकं साधं काम आहे. पुढच्या खेपेला अंतर वाढलं असेल तर ग्रामपंचायतीने तहसीलदारांना लेखी कळवायचं. कुठली झाडं नाहीतर खांब कलायला लागलेत, कुठे नवा झरा फुटलाय, कुठल्या झऱ्याचं पाणी गढूळ यायला लागलंय, कुठल्या घराची दारं-खिडक्या अचानक अडकायला लागल्यात, ही सगळी लक्षणं वाडीतल्या बायकांना आणि गुराख्यांना सगळ्यात आधी दिसतात. त्यांचं बोलणं, जागा आणि तारीख मांडून लिहायला शिकलेला माणूस मात्र वाडीत नसतो. भूगोलाचा विद्यार्थी नेमकं हेच शिकत असतो.

पाऊस मोजायचाही प्रश्न आहे. सरकारी पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या पातळीवर असतो, बहुतेक सखल भागात. डोंगरावरच्या वाडीत त्या रात्री किती पडला, ते त्यावरून कळत नाही. सरळ भिंतीचं, बुडाला सपाट असं भांडं उघड्यावर ठेवलं आणि त्यात साचलेलं पाणी पट्टीने मोजलं, तर जितके मिलिमीटर भरले तितका पाऊस. जिल्हा परिषद शाळेतल्या चौथीच्या पोरालाही हे जमतं. फक्त रोज सकाळी ठरल्या वेळी वहीत लिहायची सवय कोणीतरी लावून दिली पाहिजे.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. कॉलेजच्या पोरांचा नकाशा म्हणजे भूवैज्ञानिकांचा दाखला नव्हे. "इथे धोका नाही" असं म्हणायचा अधिकार त्या पोरांना नाही आणि त्यांनी तसं लिहूही नये. "इथे हे दिसलं, एकदा येऊन बघा" एवढंच त्यांनी लिहायचं. बघायची आणि लोकांना वेळेत हलवायची जबाबदारी सरकारची आहे, ती पोरांच्या वहीवर ढकलता येणार नाही.

जुन्या वह्या कामाला येतात

विद्यार्थ्यांच्या मोजणीला काय किंमत, असं कोणाला वाटत असेल तर दोन जुनी उदाहरणं बघावीत.

मद्रास विद्यापीठात १९१६ च्या सुमाराला गिल्बर्ट स्लेटर नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना वर्गात बसवून न ठेवता खेड्यांत पाठवलं, काहींना त्यांच्या स्वतःच्याच गावी. जमीन, पिकं, कर्ज, मजुरी लिहून आणायला लावली. १९१८ मध्ये त्याचं पुस्तक झालं. पुढे १९३० च्या, १९६० च्या आणि १९८० च्या दशकांत त्यातल्या गावांत पुन्हा मोजणी झाली. पहिली नोंद विद्यार्थ्यांनी नीट ठेवली होती, म्हणून ६०-७० वर्षांत गाव कसं बदललं हे सांगता आलं.

दुसरं उदाहरण पुण्याचं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर हे गाव घरोघर आणि शेतोशेत तपासून १९१७ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. वाटण्यांमुळे जमिनीचे तुकडे कसे पडले, शेतावर घर भागतं की नाही, हे त्यात मोजून दाखवलं. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवडमध्ये आहे आणि तिथे टॉवर उभे आहेत. त्या गावची शेती कशी होती हे आता जमिनीवर बघायला मिळत नाही, पुस्तकात मिळतं.

नेरळच्या माणसाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. नेरळ, ममदापूर, कोल्हारे भागात गेल्या काही वर्षांत खाचरांच्या जागी इमारती आल्या. पनवेल-कर्जत लोकल सुरू झाली की हा वेग आणखी वाढेल. कुठला ओहोळ कुठून वाहत होता, कुठला पाट बुजवला, पुराचं पाणी पूर्वी कुठल्या शेतात पसरायचं, हे आज सत्तरीतल्या माणसांना ठाऊक आहे. त्यांच्यासोबत हिंडून ते नकाशावर उतरवलं नाही तर दहा वर्षांनी ते विचारायला माणूस राहणार नाही. उल्हास नदीचं पाणी एखाद्या सोसायटीत शिरल्यावर "हे कसं झालं" म्हणून डोकं धरण्यापेक्षा आधीची वही असलेली बरी.

पोरांची बाजूही आहे

सगळा दोष पोरांवर टाकणं सोपं आहे, पण बरोबर नाही. कितीतरी कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, तासिकेवर शिकवणारे शिक्षक वर्ग सांभाळतात. एका शिक्षकाकडे ढीगभर प्रकल्प असतील तर तो प्रत्येकाबरोबर वाडीवर कसा जाणार? जायचा-यायचा खर्च पोरांच्या खिशातून. मुलींच्या घरून संध्याकाळी फोन सुरू होतात. मग सोपी वाट धरली जाते. मागच्या वर्षीचा प्रकल्प घ्यायचा, गावाचं नाव बदलायचं आणि प्रिंट काढायची. आता तर मोबाइलवर विचारलं की तयार अहवालच मिळतो. पण इर्शाळगडाच्या उतारावर पावसाळ्यानंतर भेग किती वाढली, हे कुठल्याही मोबाइलला आपोआप कळत नाही. तिथे माणसालाच जावं लागतं.

दुसरी बाजू स्थानिक पोरांची. कर्जत, खालापूरच्या वाड्यावस्त्यांतून कला शाखेला जाणारी पोरं पुष्कळ आहेत आणि त्यातली बरीच भूगोल घेतात. भूगोल घेऊन काय करणार, हा प्रश्न त्यांना घरी-दारी ऐकावा लागतो. ज्या पोराला जीपीएसने जागा टिपता येते, क्यूजीआयएससारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर नकाशा करता येतो, माणसांशी बोलून मोजणी करता येते आणि ती सहा पानांत मांडता येते, त्या पोराला पाणलोट, जलजीवन, वनहक्क, नगररचना, मोजणी कार्यालयं, संस्था अशा ठिकाणी काम मिळायची वाट तरी दिसते. साधा मोबाइलही मोकळ्या आभाळाखाली साधारण ५ मीटरच्या फरकाने जागा सांगतो. म्हणजे साधन खिशात आहे, शिकवणारा पाहिजे. नुसती कॉपी केलेला प्रकल्प दाखवून कोणी काम देत नाही.

विषय छोटा ठेवला तर हे सगळं जमतं. "कर्जत तालुक्याचा भौगोलिक अभ्यास" असं नाव दिलं की दोनशे पानं होतात आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी एका वाडीच्या ३ विहिरी घ्या. फेब्रुवारी ते मे दर पंधरा दिवसांनी दोरीला वजन बांधून पाणी किती खोल गेलं ते मोजा. प्रत्येक विहिरीच्या ८ नोंदी, एकूण २४ आकडे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा तिच्या ठरलेल्या निरीक्षण विहिरी वर्षातून ४ वेळा मोजते, पण प्रत्येक वाडीची विहीर त्यात नसते. हे २४ आकडे हातात असले तर टंचाई आराखड्यात नाव घालताना, टँकर मागताना ग्रामपंचायतीच्या अर्जाला वजन येतं. तोच कागद पोराला मार्कही मिळवून देतो.

गावाने काय मागायचं?

कॉलेजची बस आली की गावाने चहा द्यावाच, ती आपली रीत आहे. पण चहाबरोबर काही गोष्टी मागून घ्याव्यात.

एक, कॉलेजचं पत्र. कुठलं कॉलेज, कुठला विषय, शिक्षकाचं नाव आणि फोन, हे ग्रामपंचायतीत आधी नोंदवलेलं असावं. पत्र नसेल तर माहिती द्यायची सक्ती नाही.

दोन, आधार क्रमांक, बँक खातं, ओटीपी, कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा यातलं काहीही द्यायचं नाही. भूगोलाच्या अभ्यासाला यातलं काही लागत नाही. कोणी मागितलं तर तो अभ्यास नाही असं समजावं.

तीन, विषय गावाला विचारून ठरवावा. ग्रामपंचायतीने आपले चार-पाच प्रश्न आधीच लिहून ठेवावेत. आटणाऱ्या विहिरी, घरामागचा उतार, बुजलेले ओहोळ, वाडीची वाट, वरकस-दळीची हद्द. पोरांना विषय शोधायचाच असतो, गावाने दिला तर त्यांचंही काम सोपं होतं.

चार, गावातलं एक पोरगं किंवा पोरगी त्यांच्यासोबत पूर्ण वेळ असावी. बाहेरची पोरं निघून जातात, सोबत हिंडलेल्या पोराला मोजायचं कसं ते कळलेलं असतं. पुढच्या वर्षीची नोंद तो ठेवू शकतो.

पाच, अहवालाची एक प्रत आणि एक मोठा नकाशा गावाला मराठीत मिळाला पाहिजे, आणि तो गावात वाचून दाखवला पाहिजे. लोकांनी चुका सांगाव्यात, पोरांनी त्या दुरुस्त कराव्यात, मग मार्क पडावेत. विद्यापीठांना यासाठी नवा पैसा लागत नाही. "गावात सादर केला" असा ग्रामपंचायतीचा शिक्का प्रकल्पाला सक्तीचा केला तरी पुरे.

वाचून दाखवायची तारीखही ठरलेलीच आहे. १ मे ची ग्रामसभा. पोरांचं सत्र त्या सुमाराला संपत आलेलं असतं, वीटभट्टीवरची माणसं परतायला लागलेली असतात, पावसाला महिनाभर असतो. त्या दिवशी उताराचा, विहिरींचा, ओहोळांचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला, तर धोक्याच्या घरांबद्दल तहसीलला कळवायला आणि टँकरचा अर्ज करायला वेळ हातात राहतो. २ ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी सुरू होते, तेव्हा पावसाळ्यानंतरची दुसरी मोजणी त्याला जोडता येते.

या हिवाळ्यात बस येईल. ती थांबेल तेव्हा सरपंच, उपसरपंच नाहीतर ग्रामसेवक भाऊसाहेबांनी सरांना एवढंच विचारावं, "सर, हा कागद आमच्याकडे परत कधी येणार?" आणि उत्तराची तारीख ग्रामपंचायतीच्या वहीत लिहून घ्यावी.